सिंधी निर्वासित आणि खानदेशातील दरबार

1947च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे आपला म्हणावा असा एक तालुकाही उरला नाही. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर घर धरून बसलेल्या कुटुंबांनीही बोटी गाठल्या. मुंबईत उतरलेल्यांची सोय सरकारने लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत केली. कल्याणजवळच्या छावण्यांचे 1949मध्ये उल्हासनगर झाले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते गेल्यावर त्याच वस्तीत सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले.

काही कुटुंबे खानदेशातही आली. तिथे जळगाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर आणि धुळे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. दोन्ही व्यापारी शहरे, त्यामुळे दुकानदारी जाणणाऱ्या या लोकांना तिथे पाय रोवता आले. जळगावचे कंवरनगर आणि धुळ्याचे कुमारनगर या त्यांच्या वसाहती.

कंवरनगरला संत कंवररामांचे नाव आहे. सक्कर जिल्ह्यातल्या जरवार गावी 1885मध्ये जन्मलेले कंवरराम गावोगाव ‘भगत’ गात, म्हणजे पायात घुंगरू बांधून भजन आणि कथा सादर करत. झोळीत पडलेले पैसे ते गरिबांना वाटून टाकत. 1 नोव्हेंबर 1939 रोजी रुक स्टेशनवर गोळ्या घालून त्यांचा खून झाला. फाळणीनंतर त्यांचे भक्त जिथे पोचले, तिथे त्यांच्या नावाने सेवेची कामे उभी राहिली. जळगावात त्यांच्यासोबत संत बाबा हरदासराम यांचीही वर्सी, म्हणजे पुण्यतिथी, दरवर्षी मोठ्या प्रमाणावर होते.

सरकारी छावणीत छप्पर आणि शिधा मिळे, पण गाव मिळत नसे. ती उणीव दरबार हे सिंधींचे प्रार्थनास्थळ, त्यांचे दैवत झुलेलालचे मंदिर आणि समाजाची पंचायत यांनी भरून काढली. दरबारात गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ होई आणि लंगरात सगळे एका पंगतीत जेवत. हरवलेल्या नातलगांची खबर तिथे लागे, मुलामुलींची लग्ने तिथेच जुळत. पंचायत वर्गणी काढून विधवांना, आजाऱ्यांना मदत करी. सिंधी संत साधू वासवानींनी 1949मध्ये पुण्यात मुक्काम हलवल्यावर त्यांच्या मिशनने शाळा आणि दवाखाने काढले. दान मागण्याची लाज नको आणि दान देण्याचा तोरा नको, हे या सेवेचे मोठेपण.

या सेवेला मर्यादाही आहे. श्रद्धेवर उभी राहिलेली मदत आपल्या माणसांपर्यंत लवकर पोचते, परक्याच्या दारी उशिरा. म्हणूनच 1994मध्ये रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी ठरवलेल्या आचारसंहितेत वंश, धर्म न पाहता केवळ गरज पाहून मदत द्यावी, असे म्हटले आहे. धर्मसंस्थांनी हे कलम मनापासून पाळायला हवे.

सिंधमधून येणाऱ्यांचा ओघ 1948 नंतरही थांबला नाही. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानी नागरिकांची मोजदाद झाली, तेव्हा महाराष्ट्रात नागपूर आणि ठाण्याबरोबर जळगावचाही आकडा मोठा निघाला. त्यांतले बरेच जण दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे सिंधी हिंदू. भारताने 1951च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 2019च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने 31 डिसेंबर 2014पर्यंत आलेल्या हिंदूंना नागरिकत्वाची वाट मोकळी केली; त्याचे नियम निघायला मार्च 2024 उजाडले. 2014नंतर आलेल्यांना ही वाट बंद आहे. जेवण, आसरा आणि ओळख समाज देईल, पण नागरिकत्वाच्या अर्जावर वेळेत निर्णय देणे हे सरकारचेच काम आहे.