पहिल्या दृश्यातला माणूस

निलंग्यात लहानपणी नव्या वर्गात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असे : आडनाव काय? उत्तर दिले की माझी ओळख संपे. मला काय येते, हे विचारायची कुणाला गरजच उरत नसे. चित्रपटाच्या पहिल्या दृश्याकडे मी तेव्हापासून याच नजरेने पाहतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या प्रथम दिसतो तो रानात, गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागावर. त्याची जात, घराच्या माथी आलेले डुकरे धरण्याचे काम, हे मागाहून कळते. आधी कळते त्याची इच्छा. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) नारायण कांबळे आधी मुलांना शिकवताना दिसतात. आरोपी नंतर होतात. म्हणून खटला कितीही लांबला तरी प्रेक्षकाच्या मनातला शिक्षक पुसला जात नाही.

पहिल्या दृश्याचे कसब ते हेच. माणूस आधी त्याच्या कामात, त्याच्या ओढीत दाखवावा, शिक्का नंतर. आणि तिथे पेरलेले वाया घालवू नये. चिमणीमागे धावणाऱ्या जब्याच्या हातातला दगड शेवटी सरळ आपल्याकडे येतो. तो लागतो, कारण त्याचे स्वप्न आपण आधी पाहिलेले असते. आधी जातच सांगितली असती, तर आपण नुसती कीव केली असती.