पांगाऱ्याचे कुंपण आणि चितारआळीची फळे

सावंतवाडी - मोती तलावाचा काठ सोडून चितारआळीत शिरले की दुकानांच्या पायऱ्यांपासूनच लाकडी फळांच्या परड्या सुरू होतात. आंबा, केळी, सीताफळ, मिरची, वांगी. हात लावल्याखेरीज खोटी वाटू नयेत इतकी हुबेहूब. पर्यटक कौतुकाने ती घेऊन जातात. परंतु हे लाकूड शेताच्या कुंपणावर वाढते आणि त्याला आकार-रंग देणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी भाताची लावणीही होते, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. सिंधुदुर्गात लाकूडकाम, चित्रकला आणि गुंठ्यांत मोजावी अशी शेती यांच्यामधली रेघ पूर्वापार पुसटच राहिली आहे.

या साखळीच्या मुळाशी आहे पांगारा. वसंतात निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुले मिरवणारे हे काटेरी झाड. पहिल्या पावसात त्याची जाड फांदी तोडून बांधावर रोवली की ती पालवते. म्हणून कुंपणासाठी ते सोयीचे. त्याच्या बुंध्यावर मिरीचा वेल चढतो. पाला हिरवळीच्या खताला चालतो, आणि शेंगवर्गीय झाड असल्याने त्याच्या मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते. लाकूड मात्र हलके, मऊ. घराच्या वाशाला ते निरुपयोगी. कोरणाऱ्याला आणि लेथवर कातणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

मऊपणाची किंमतही आहे. ओला पांगारा पाणी धरून असतो आणि दमट हवेत त्याला लगेच बुरशी व कीड लागते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ही बाब किरकोळ नव्हे. त्यामुळे पावसाळा सरल्यावर तोड करायची, उन्हाळाभर ओंडके सुकवायचे आणि पावसाच्या आत ते कोरड्या जागी चढवायचे, असा क्रम ठरून गेला. चुलीवरचा माळा ही त्यासाठीची उत्तम जागा. धुराने कीड दूर राहते. गॅसची शेगडी आली तशी ही सोय गेली.

कामाचे वर्षही शेतीच्या वर्षाला जुळवून घेतलेले. रोहिणीत धूळपेरणी, आषाढात लावणी. या दिवसांत लेथ बंद. लावणी आटोपते न आटोपते तोच गणपतीच्या शाळा गजबजू लागतात. नागपंचमीच्या आसपास घरोघरचे पाट शाळेत पोहोचतात, कारण मूर्ती त्या घराच्या पाटावरच घडवायची हा येथील रिवाज. पाट सुताराचा, माती शेताची, डोळे आखणारा चितारी. मूर्तीवर टांगली जाणारी माटवी तर या एकत्रपणाचा उत्तम नमुना. लाकडी चौकट, तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळे, आंब्याचे टाळे. परसात आणि रानात त्या महिन्यात जे पिकते, त्याची ती टांगलेली यादीच म्हणावी! अश्विनात भातकापणी उरकली की जमिनीतील ओलीवर कुळीथ, चवळी पेरायची आणि मग पुन्हा लाकडाकडे वळायचे. फाल्गुन-चैत्रात काजू सुरू होईपर्यंत हाती निवांत वेळ असतो.

लाखकाम याच काळात बहरते. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. नंतर केवड्याचे पान घासून तिला चकाकी आणतात. अलीकडे बरीच फळे ऑइलपेंटने रंगवली जातात. ते स्वस्त पडते, वेळ वाचतो. ग्राहकाला फरक कळत नाही, ही खरी अडचण.

चित्रकलेचा कळस म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफ्यात १० रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, असा १२० गोल पानांचा संच. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून कापडावर थर द्यायचे, गोल कापायचे, हाताने चित्र काढायचे आणि पाठीला लाख द्यायची. छापील पत्त्यांपुढे ही कला संपत आली असता शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कार्यशाळा सुरू करून ती सावरली. सत्त्वशीलादेवींनी स्वतः ही कला वृद्ध चिताऱ्याकडून शिकून घेतली होती.

आज प्रश्न कलेचा कमी आणि बांधाचा जास्त आहे. काजू-आंब्याच्या कलमबागांना चिऱ्याचा गडगा किंवा तारेचे कुंपण घालतात. पांगारा त्यात बसत नाही. माकडे, गवे आणि दोडामार्गात २००२ पासून हत्ती, यांच्या उपद्रवाने भाताचे मळे पडीक राहू लागले. मळाच नसेल तर कुंपण तरी कशाला? दुसरे लाकूड घ्यावे, तर आंबा, फणस ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते आणि सातबारावर मुंबईकर चुलत्या-पुतण्यांची डझनभर नावे असतील, तर संमतीपत्रे गोळा करण्यातच हंगाम निघून जातो. पांगारा या यादीत नाही. कारागिराला तो सोयीचा असण्याचे हेही एक कारण.

सरकारी मदतीची दारे आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार व खेळणी करणारे दोघेही येतात. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानकचिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. म्हणजे नोंदणीचा कागद हवाच. तो नसेल तर घरच्या ओसरीवर केलेली भातुकलीदेखील कारखान्याच्या मालाच्या पंक्तीत जाते.

लाकडाची सोय मात्र कोणत्याही योजनेच्या अर्जात सापडत नाही. ती ज्याच्या त्याच्या बांधावरच करावी लागते. मृगाची सर पडली की मनगटाहून जाड फांदी, काटे सोलून, हातभर खोल रोवायची. गुरे तोंड लावणार नाहीत इतकी उंच ठेवायची. ती लेथवर चढण्याजोगी व्हायला बरीच वर्षे जातात. तोवर तिच्यावर मिरी लावता येते.