माझी खुर्ची कुठंय?

‘सर, तुम्ही थोडं तरी चालू शकता ना?’

चेक-इन काउंटरवर हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता मी हसूनच सांगतो, ‘चालता आलं असतं तर ही खुर्ची ढकलत कशाला आलो असतो?’ समोरची मुलगी ओशाळते. तिची चूक नसतेच. तिकीट काढताना कुणीतरी नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणून टिक करून ठेवलेलं असतं.

गोची तिथंच आहे. विमान कंपन्यांच्या हिशेबात त्याचे तीन कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना नको, आत सीटपर्यंत मात्र स्वतः जाता येतं. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे मी. एक पाऊलही नाही, थेट सीटपर्यंत न्यायचं. गुडघेदुखीवाल्या आजी आणि मी एकाच कोडात पडलो, की खेळ खल्लास. विमानाला जिना लागलेला, अँब्युलिफ्टचा पत्ता नाही आणि दोघं-तिघं मला उचलायला बाह्या सरसावताहेत! लग्नात नवरदेवालाही कुणी इतक्या उत्साहानं उचलत नसेल.

सहा वर्षांपूर्वी बाइकवरून पडलो, मणक्याला मार बसला. आता हिंजवडीत नोकरी करतो आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा क्लायंटकडे उडतो. कलीग्ज फ्लाइटच्या सकाळी चार्जर शोधत असतात, माझी तयारी आदल्या रात्री सुरू होते. नऊनंतर पाणी बंद. सकाळचा चहा नाही. दीड तासाच्या फ्लाइटला जाणाऱ्या छोट्या विमानात टॉयलेट म्हणजे कपाट, तिथवर मला नेणार कोण? हवाईसुंदरीनं पाण्याचा ग्लास पुढे केला, की मी नम्रपणे हात जोडतो.

पण खरी धाकधूक असते ती खुर्ची सोडताना. ती माझ्या मापाची आहे. तिच्यावरचं कुशन साधंसुधं नाही. मला कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे कडक सीटवर तासन् तास बसलो तर जखम होईल आणि ती मला कळणारही नाही. एअरपोर्टच्या खुर्चीला बहुतेक वेळा छोटी चाकं असतात, ती स्वतःला ढकलता येत नाही. म्हणजे माझी खुर्ची लगेजमध्ये गेली, की मी कुणाच्या तरी हातातलं पार्सल.

गेल्या वर्षी तेच झालं. दक्षिणेतल्या एका शहरात उतरायचं होतं. सगळे उतरले, मी नेहमीप्रमाणे शेवटचा. खुर्ची दाराशी आणायचं कबूल केलं होतं, ती गेली बेल्टवर. तब्बल चाळीस मिनिटांनी हाती आली तेव्हा एक फूटरेस्ट गायब आणि चाक वाकडं. अकराला प्रेझेंटेशन! शेवटी क्लायंटच्या ऑफिसातल्या रिव्हॉल्व्हिंग चेअरवर मला बसवून कलीगनं कॉरिडॉरभर ढकलत नेलं. हसलो आम्ही खूप. प्रेझेंटेशनही झकास झालं.

पुण्यात परतल्यावर मॅनेजर म्हणाला, ‘अरे, तुला उगाच त्रास. पुढच्या वेळी तू इथूनच व्हिडिओ कॉलवर ये, तिकडे दुसऱ्या कुणाला तरी पाठवू.’ मनापासून म्हणाला. पण क्लायंटबरोबर जेवायला जो बसतो, पुढचं प्रोजेक्ट त्याच्याकडे जातं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वाकडं चाक आठ दिवसांत सरळ झालं. हे प्रकरण तेवढं सोपं नव्हतं.

नियम नाहीत असं नाही. डीजीसीएची नियमावली २००८ पासून आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून विमानातून उतरवलं गेलं. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये कोर्टानं कंपनीला दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. २०२२ मध्ये रांचीत एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि नियमही बदलला. आता दिव्यांग आहे एवढ्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. तब्येतीची शंका असेल तर डॉक्टरांनी तपासून लेखी मत द्यावं लागतं. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, व्हीलचेअर आधी बुक करूनही, बायकोच्या खुर्चीबरोबर चालत निघाले आणि कोसळले. ते वाचले नाहीत. कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. त्या दिवशी मी ऑफिसात फारसं काम केलं नाही.

रांग चुकवायला व्हीलचेअर मागणारे महाभागही आहेतच. पण कुणाचे गुडघे खरे दुखतात हे बघून कळत नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

मॅनेजरला मी सांगितलं, मीच जाणार. येत्या मंगळवारी पुन्हा फ्लाइट आहे. ४८ तास आधी कळवायचं असतं, मी चार दिवस आधीच फोन केला. कोड तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवलेत. बॅटरीवाली असती तर बॅटरीचा प्रकारही सांगावा लागला असता, तेवढं वाचलं. फूटरेस्ट काढून या वेळी केबिन बॅगेतच टाकणार आहे. कुशन विमानात माझ्याच खाली असेल. आणि खुर्ची दाराशी हवी, हे बुकिंगमध्ये लिहून घेतलंय. फोनवरची मुलगी म्हणाली, ‘सर, रिक्वेस्ट टाकलीये.’

मी म्हटलं, ‘नंबर द्या.’