गोळी किती जाडीची असावी?

आमचे एक स्नेही सहकुटुंब, सहपरिवार गांवाबाहेरच्या मळ्यांत राहतात. चोरट्यांच्या भयानें त्यांनीं नुकताच परवाना काढला, आणि किती जाडीची गोळी घ्यावी, असें आम्हांस विचारलें. गोळी जितकी जाड तितका मनुष्य लवकर पडतो, अशी त्यांची समजूत. ती फार जुनी आहे.

फिलिपाइन्समध्यें मोरो लोकांशीं लढतांना, ०.३८ इंची गोळ्या खाऊनहि शत्रु अंगावर धांवून येतो, अशी अमेरिकन सैन्याची तक्रार होती. म्हणून १९०४ सालीं थॉम्प्सन व ला गार्ड या दोन अधिकाऱ्यांनीं शिकागोच्या कत्तलखान्यांत गुरांवर, आणि शिवाय प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या (वाचतांना आम्हांस तरी शिसारी आली), व ०.४५ इंचाहून लहान गोळी नको, असा निकाल दिला.

११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी शहरांत जें घडलें त्यानें हा वाद पुन्हा पेटला. अमेरिकेच्या मध्यवर्ती अन्वेषण खात्याच्या आठ अंमलदारांची दोन दरोडेखोरांशीं गांठ पडली. एका दरोडेखोरास ९ मिलिमीटरची गोळी दंडांतून छातींत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम प्राणघातक होती. तरी तो लढतच राहिला, आणि त्यानें दोन अंमलदारांचा बळी घेतला. खात्यानें दोष गोळीस दिला व १० मिलिमीटरचें काडतूस निवडलें. त्याचा धक्का पुष्कळांच्या हातास सोसेना, म्हणून १९९० सालीं ०.४० इंची आलें. त्याच सुमारास एक कसोटीहि ठरली: जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळीनें निदान १२ इंच शिरावें, पण १८ इंचांपलीकडे जाऊं नये. गोळीचा घाट सुधारला, तशी ९ मिलिमीटरची गोळीहि तींत उतरूं लागली. आणि २०१५ च्या सुमारास खातें पुन्हा तिच्याकडेच वळलें. तिचा धक्का कमी, म्हणून नेम बरा.

१२ चा आंकडा लोकांच्या ध्यानांत राहतो. १८ चा राहत नाहीं. आरपार गेलेली गोळी पुढें कोणास लागेल, याचा हिशेब त्यांत आहे. कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्याची, अंगांत शिरतांच फुलणारी गोळी प्रसिद्धच आहे. १८९९ सालीं हेग येथील घोषणेनें तसल्या गोळ्या युद्धांत निषिद्ध ठरल्या. परंतु न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं १९९८ सालीं फुलणारीच गोळी पत्करली. साधी गोळी गुन्हेगाराच्या शरीरांतून निघून भलत्यासच लागे.

आपल्याकडे निवडीस मुळांतच वाव थोडा. सैन्याच्या काडतुसांचीं पुष्कळ मापें नागरिकास वर्ज्य. बहुधा कानपूरचें ०.३२ इंची रिव्हॉल्व्हरच पदरीं येतें. आम्हीं तसें सांगतांच स्नेह्यांचा चेहरा उतरला.

त्यांच्या मातोश्री जवळच सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, नेम चुकला तर ती गोळी थांबणार कुठें? पलीकडच्या खोलींत सूनबाई नि मुलें निजतात.”

मध्यें नुसती फळ्यांची भिंत आहे. आमचे स्नेही उठले आणि ती ठोकून पाहूं लागले.