रिपोर्ट हाती येईपर्यंत गहू बंद करू नका

मुलाचे वजन वाढत नाही, पोट फुगलेले असते, जुलाब अधूनमधून चालूच असतात, आणि लोहाचे औषध महिनोन् महिने देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "सीलिअ‍ॅक आहे का ते एकदा पाहू," आणि रक्ताची तपासणी लिहून देतात. रक्त देऊन मंडळी घरी येतात. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार असतात. नेमक्या याच दिवसांत घरात परस्पर एक निर्णय होऊन जातो. आजी म्हणते, "गव्हाचाच दोष आहे ना, मग पोळी द्यायचीच कशाला?" आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या ताटात फक्त भात आणि भाकरी दिसू लागते. यामागची माया खरी असते, पण त्यामुळे पुढच्या तपासण्यांचा घोटाळा होतो.

तो कसा, हे कळण्यासाठी आधी आजार समजून घेऊ. पुष्कळ लोक याला 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हणतात. ते बरोबर नाही. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे. गहू, सातू आणि राय या धान्यांत ते असते. ज्यांच्यात जन्मतः तशी प्रवृत्ती असते, त्यांच्यापैकी काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या ग्लूटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. मोठ्या माणसांत तर जुलाब नसतातही. नुसता रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे, कायम थकवा एवढेच दिसते.

गव्हाचा हा संबंध जगाला पटवून दिला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, तिथे पावाचा मोठा तुटवडा पडला. सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचे दुखणे उलटले. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा विषय मांडला.

आपल्याकडे हा आजार गव्हाच्या पट्ट्यात, म्हणजे उत्तर भारतात, जास्त आढळतो. दिल्ली परिसरात केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो आढळला होता. दक्षिणेत प्रमाण पुष्कळच कमी आहे. पण पोळी, ब्रेड, बिस्किटे आता खेडोपाडी पोचली आहेत, तेव्हा 'आपल्याकडे हे नसते' असे म्हणून चालणार नाही.

आता तपासणीकडे वळू. रक्तात सहसा 'टीटीजी-आयजीए' नावाची प्रतिपिंडे मोजतात. ही प्रतिपिंडे कायम राहत नाहीत. ग्लूटेन पोटात जात असेल तोवर शरीर ती तयार करत राहते. गहू थांबला की काही आठवड्यांत ती उतरू लागतात आणि काही महिन्यांत पार नाहीशीही होऊ शकतात. आतडेही हळूहळू भरून येते. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. दोन-चार दिवस पोळी चुकली म्हणून काही बिघडत नाही हे खरे. पण घरात एकदा बंद झालेला गहू दोन-चार दिवसांवर थांबत नाही, हाही अनुभव आहे. शिवाय रक्ताचा रिपोर्ट हा शेवट नसतो. त्यात दोष दिसला तर बहुधा दुर्बिणीची तपासणी होते. तिची तारीख मिळेपर्यंत काही आठवडे सहज जातात. तोपर्यंत गहू चालूच हवा.

इथे आपल्या भागापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या घरात मुळातच ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात हेच जेवण आहे आणि पोळी सणावारालाच होते, तिथे तपासणी फसण्याचा धोका आधीपासूनच असतो. डॉक्टर विचारोत न विचारोत, आपण रोज काय खातो ते त्यांना सांगावे. तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज, शक्यतो एकाहून अधिक वेळच्या जेवणात गहू असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. रोजच्या दोन पोळ्या पुरतात, त्यासाठी मुद्दाम शिरा-पुरी करण्याची गरज नाही. मूल फारच अशक्त असेल किंवा जुलाबांनी सुकत चालले असेल, तर मात्र घरी वाट पाहत बसू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे, आणि गव्हाचे काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.

रक्ताच्या तपासणीबरोबर 'एकूण आयजीए' मोजले आहे की नाही, हेही विचारून घ्या. सीलिअ‍ॅकच्या शंभर रुग्णांत दोन-तीन जणांच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतेच. त्यांची टीटीजी-आयजीए तपासणी आजार असूनही निर्दोष येते.

दुर्बिणीच्या तपासणीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे चार-सहा तुकडे घेतात. तुकडे घेताना दुखत नाही. त्याचा रिपोर्ट लगेच का मिळत नाही, असे लोक चिडून विचारतात. तुकडे आधी औषधी द्रावणात मुरवावे लागतात, मग मेणात बसवून त्यांचे केसाहून कितीतरी पातळ काप काढतात, ते रंगवतात, आणि मग तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. नमुना मोठ्या शहरात जात असेल तर आठवडाही लागतो. तज्ज्ञालाही फक्त आतडे सपाट झाल्याचे दिसते, कारण दिसत नाही. आपल्या देशात जंत-जंतूंचा संसर्ग, आतड्याचा क्षय यांनीही असे चित्र कधीकधी दिसते. म्हणून रक्ताचा आणि तुकड्याचा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच निदान करतात. लहान मुलांत प्रतिपिंडे कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असतील आणि दुसऱ्या नमुन्यावरील वेगळी तपासणीही तेच सांगत असेल, तर तुकडा न घेता निदान करता येते, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०२० साली सुचवले आहे. पण तो निर्णय पोटविकारतज्ज्ञाचा, आपला नव्हे.

"गहू सोडल्यावर बरे वाटले, मग आणखी पुरावा कशाला?" असा प्रश्न हमखास येतो. गहू सोडल्याने नुसत्या गॅसच्या आणि मुरड्याच्या त्रासातही बरे वाटते. सीलिअ‍ॅक असेल तर पथ्य जन्मभराचे आणि कडक असते. पोळीच नव्हे, रवा, मैदा, शेवया, लापशी, बिस्किटे हे सारे गेले. हिंगाच्या डबीतही बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. भाकरीचे पीठ गव्हामागून त्याच गिरणीत दळले तर तेही चालत नाही. निदान पक्के नसताना मुलावर हे ओझे आयुष्यभर लादणे योग्य नाही. आणि निदान कागदावर नसेल तर पथ्य चार महिन्यांत सैल पडते, पहिल्या लग्नाच्या पंगतीत मोडते.

गहू आधीच सोडून बसलेल्यांनी घाबरू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा काही आठवडे खाऊन तपासणी करता येते. जनुकांची एक तपासणीही आहे, तिला खाण्यापिण्याचे बंधन नाही. ती निर्दोष आली तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असे समजावे. सदोष आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुके कितीतरी निरोगी माणसांतही असतात.

निदान पक्के झाले की आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचेही रक्त तपासून घ्यावे, त्यांना त्रास नसला तरी. मूळ रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. प्रयोगशाळेकडे तुकड्याचा मेणातला ठोकळा जपून ठेवलेला असतो. शंका राहिलीच तर तो मागून दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतो, त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.