विश्लेषण : थंडीत धावताना स्वेटर घालावा का?

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची तळजाई टेकडी, नाशिकचे गोल्फ क्लब मैदान आणि मुंबईचा मरीन ड्राइव्ह पहाटेच धावपटूंनी गजबजतो. मुंबई मॅरेथॉनही जानेवारीतच होते. थंडी वाजते म्हणून अनेक जण स्वेटर, कानटोपी, जाड जॅकेट घालून निघतात आणि दहा मिनिटांत घामाघूम होतात. मग कपडे नेमके कसे असावेत?

धावताना थंडी का पळते?

स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, त्यातील साधारण पाव हिस्साच प्रत्यक्ष हालचालीसाठी कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे घरातून निघताना १२ अंशांचा गारवा बोचत असला, तरी थोड्याच वेळात शरीर तापते. यावरून धावपटूंमध्ये एक ठोकताळा रूढ आहे : बाहेरच्या तापमानात साधारण १० अंश मिळवावेत आणि तेवढ्या तापमानात जसे कपडे घालू, तसे घालावेत. पहिली पाच-सात मिनिटे थोडी थंडी वाजली, तर कपडे बरोबर आहेत असे समजावे.

सुती टी-शर्ट का नको?

सुती कापड घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. ओले कापड अंगाला चिकटते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. धावण्याचा वेग कमी झाला किंवा वारा सुटला, की हेच ओले कापड हुडहुडी भरवते. शिवाय ते काखेत, मांड्यांना घासून कातडी सोलवटते. त्याऐवजी पॉलिस्टरचा ‘ड्राय-फिट’ प्रकारचा टी-शर्ट घालावा. तो महागड्या ब्रँडचाच हवा असे नाही.

किती अंशांना काय घालावे?

मुंबई-कोकणात पारा १८-२० अंशांवर असेल, तर नेहमीचा टी-शर्ट आणि शॉर्ट्स पुरेशा होतात. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे १०-१२ अंश असतील, तर पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट घालावा किंवा अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर काढता येणाऱ्या वेगळ्या बाह्या चढवाव्यात. निफाडसारख्या ठिकाणी पारा एक आकडी झाला, की पातळ विंडचीटर, लांब टाइट्स, हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी हवी. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे केव्हाही चांगले, कारण उकडू लागल्यावर वरचा काढून कमरेला बांधता येतो. पहाटे अंधार असल्याने वरचा कपडा फिकट रंगाचा किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचा असावा.

जास्त घाम म्हणजे जास्त वजन घटते का?

नाही. प्लास्टिकचे जॅकेट किंवा रेनकोट घालून धावल्यावर काट्यावर दिसणारी घट ही पाण्याची असते, चरबीची नव्हे. पाणी प्यायले की ती भरून निघते. उलट घाम वाळू न शकल्याने शरीर जास्त तापते, चक्कर येऊ शकते. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे पाणी कमी पडण्याचा धोकाही वाढतो.

धावून झाल्यावर काय?

थंडी खरी बाधते ती थांबल्यावर. उष्णता तयार होणे कमी होते, पण कपडे ओलेच असतात. म्हणून कोरडा टी-शर्ट सोबत ठेवावा, तो आधी बदलावा आणि मग गप्पा किंवा चहा. स्वेटर घालायचा तो या वेळी. दुचाकीवरून घरी जाणार असाल, तर वरून जॅकेटही हवेच.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि ऊन पडल्यावर निघावे. दमा असलेल्यांनी नाकातोंडावर पातळ रुमाल बांधल्यास श्वासातून जाणारी हवा थोडी उबदार होते. छातीत दुखणे, दम लागणे किंवा न थांबणारी थरथर जाणवल्यास तेथेच थांबावे आणि मदत मागावी.