पडद्यावरची सासू

सासुरवासाच्या कहाण्या सांगताना एके काळी मराठी सुनेला फार शब्द वेचावे लागत नसत. ‘आमच्या सासूबाई म्हणजे ललिता पवार’ एवढे म्हटले, की ऐकणारीला पुढचे सारे उमगे. एखाद्या नटीचे नाव असे विशेषणासारखे घराघरांतून वापरले जावे, हा तिच्या कलेचा मोठाच गौरव होय. परंतु तो गौरव तिला फार महाग पडला. जी साठ वर्षे पडद्यावर वावरली, जिच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते, जिने मूकपटापासून दूरदर्शनच्या मालिकेपर्यंत मजल मारली, तिची ओळख आपण एका मुद्रेपुरती राखली: मान किंचित तिरपी, डावा डोळा बारीक, आणि तोंडातून आता काय बाहेर पडेल याचा नेम नाही. १९९८ साली निवर्तलेल्या ललिताबाईंच्या कामाकडे आज पुन्हा पाहू लागले, म्हणजे या मुद्रेत त्यांचे कर्तृत्व जेवढे आहे, तेवढाच आपला पूर्वग्रहही आहे, असे जाणवल्यावाचून राहत नाही.

त्यांचे मूळचे नाव अंबू. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. पैठणीच्या त्या गावात वडिलांचा रेशमी व सुती कापडाचा व्यापार होता. १९२८ च्या सुमारास, वयाची बारा वर्षे धड पुरी झाली नसताना, पुण्यात सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत ही मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, आणि काही वर्षांतच धाडसपटांची नायिका म्हणून तिचे नाव झाले. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती. पुढे ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा बोलपट तिने स्वतः काढला, तोही टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीच्या आधाराने. ज्या बाईला आपण केवळ फणकारणारी सासू म्हणून ओळखतो, तिने बाविसाव्या वर्षी टॉलस्टॉयला हात घालण्याचे धाष्टर्य केले होते, ही गोष्ट आपल्या चित्रपटविषयक गप्पांतून क्वचितच निघते. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि मास्टर विनायकांनी खांडेकरांच्या कथेवरून केलेला ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाला त्यांची नीट ओळख झाली होती.

आणि मग १९४२ साल उजाडले. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका प्रसंगात नायिकेला थप्पड बसते असे दाखवायचे होते. समोर होते मास्टर भगवान. पुढे ‘अलबेला’मुळे साऱ्या देशाचे लाडके झालेले ते भगवानदादा. हात जरुरीपेक्षा जोरात बसला. हेतू वाईट नव्हता, याविषयी कोणी शंका घेतलेली नाही. पण परिणाम भयंकर झाला. चेहऱ्याच्या एका बाजूस लकवा आला, डाव्या डोळ्याची शीर तुटली, आणि दीर्घकाळ उपचार होऊनही तो डोळा कायमचा अधू राहिला तो राहिलाच. गिरणीत एखाद्या मजुराचा हात यंत्रात सापडला, तर निदान भरपाईचा कायदा तरी त्याच्या बाजूने उभा असे. चेहरा हेच जिचे उपजीविकेचे साधन, तिच्या या नुकसानीचा हिशेब कोण मांडणार? धंद्याने तो आपल्या पद्धतीने मांडला. सव्वीस वर्षांच्या या अभिनेत्रीला नायिकेच्या यादीतून वजा करण्यात आले.

इथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यापुढचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अधू डोळ्याची बाई नायिका होऊ शकत नाही हे एक वेळ धंद्याचे गणित म्हणून सोडून देऊ. पण ती दुष्टच का व्हावी? याचे उत्तर स्टुडिओत नाही, ते आपल्या पुराणांत आणि आपल्या बोलण्यात आहे. आपली मंथरा कुबडी आहे. कामात आडवा येणाऱ्याला आपण ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणतो, आणि त्या शुक्राचार्याला एकच डोळा आहे. शरीरातले व्यंग हे मनातल्या व्यंगाचे चिन्ह, हा समज आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की पडद्यावर तो डोळा बारीक होताच थिएटरातील प्रेक्षक पुढचे संवाद ऐकण्यापूर्वीच बाईवर रुष्ट होई. दिग्दर्शकांना हे आयते हाती लागले. लेखकाला चार प्रसंग खर्चून जे सिद्ध करावे लागले असते, ते ललिताबाईंच्या नुसत्या प्रवेशाने साधू लागले.

अपघातानंतरच्या काळातील त्यांची ठळक मराठी भूमिका कोणती, तर प्रभातच्या ‘रामशास्त्री’तील (१९४४) आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून मराठी मनाने जिला आधीच सजा ठोठावलेली, तिचेच काम वाट्याला यावे, हा योगायोग विलक्षण खरा. तथापि चरित्र-अभिनेत्रीचे सामर्थ्य तिथेच दिसून येते. प्रेक्षक निकाल लावूनच तिकीट काढतो. तिने त्या निकालात कुठे तरी फट पाडायची असते.

ती फट ललिताबाई कशी पाडीत, हे पाहायचे तर शांताराम बापूंचा ‘दहेज’ (१९५०) पाहावा. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ साली. हा चित्रपट त्याच्या अकरा वर्षे आधीचा. हुंडा पुरेसा आला नाही म्हणून सुनेचा जीव नकोसा करणारी सासू त्यांनी अशी उभी केली, की या भूमिकेने पुढच्या तीस वर्षांची वाट आखून दिली. या व अशा भूमिका वरवर पाहता एकसारख्याच. पण ललिताबाई नुसत्या ओरडत नसत. त्यांचा आवाज बहुधा खालच्या पट्टीत सुरू होई. आधी नजर सुनेच्या हातातल्या भांड्यावर, मग दारात उभ्या मुलाच्या चेहऱ्यावर, आणि मग तोंडचे वाक्य. मुलाकडे टाकलेल्या त्या मधल्या कटाक्षात मला सारे रहस्य वाटते. एकत्र कुटुंबातील बाईला सत्ता मिळते ती मुलाच्या मार्गाने, तीही उतारवयात. कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा ही तिची आयुष्यभराची एकमेव कमाई. नवी सून ही त्या जुडग्यावरची जप्ती असते. ललिताबाईंची सासू क्रूर होती, यात वाद नाही. पण ती घाबरलेलीही होती. पटकथेत ही भीती लिहिलेली असेलच असे नाही. ती त्यांनी घातलेली भर.

कधी कधी तर पटकथा त्यांच्यावर उघड अन्याय करी. गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हा हिंदू विवाह कायद्याच्याच वर्षीचा, १९५५ चा चित्रपट. त्यातील सीतादेवी ही स्त्रियांच्या घटस्फोटाच्या हक्कासाठी झगडणारी आत्या, आणि चित्रपटाने तिला ठरवले भाचीचा संसार मोडू पाहणारी पुरुषद्वेष्टी. गुरुदत्तच्या प्रतिभेविषयी पूर्ण आदर बाळगूनही हा चित्रपट या बाबतीत प्रतिगामी आहे, असेच म्हणावे लागते. गंमत अशी की, ललिताबाई सीतादेवीचे काम इतक्या ताठ मानेने आणि निश्चयाने करतात की आज तिचे म्हणणेच अधिक पटते. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) म्हातारपणाचे सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर ही कडक शिस्तीची प्रौढ बाई भाळते. थिएटर हसून लोळते. पण आरशासमोर नटताना तिच्या चेहऱ्यावर येणारी लाज खरी आहे, आणि तिच्यावर हसताना आपल्याला थोडे चोरट्यासारखे होते. विनोदी प्रसंगात एवढे साधणे सोपे नव्हे.

याच डोळ्याने माया दाखविता येते, हे ज्यांनी ओळखले असे दिग्दर्शक थोडे निघाले. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी बाई राज कपूरशी भावावरून हुज्जत घालते, आणि पाहता पाहता या परक्या पोराची आई होऊन बसते. हृषीकेश मुखर्जींनी तर त्यांना जणू नव्याने शोधले. ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा ही घरमालकीण तोंडाची फटकळ आणि पोटात मायेची. भेसळीच्या औषधाने तिचा बळी जातो, आणि त्या मृत्यूवरच चित्रपटाचा सारा नैतिक प्रश्न तोललेला आहे. मिसेस डिसा प्रेक्षकाला आपली वाटली नसती, तर तो प्रश्न पोकळ ठरला असता. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना याच भूमिकेसाठी मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा सन्मान केला, आणि त्याच वर्षी मुखर्जींनी ‘मेमदीदी’ काढला. पंचेचाळीस वर्षांच्या, रूढ अर्थाने सुंदर नसलेल्या अभिनेत्रीला शीर्षकभूमिका, आणि तिच्या जोडीला जयंत व डेव्हिड हे दोन पिकलेले नट! हिंदी चित्रपटात असे धाडस पुन्हा फारसे झाले नाही. दहा वर्षांनी ‘आनंद’मध्ये (१९७१) रुग्णालयातील मेट्रनचे छोटे काम त्यांना देताना मुखर्जींनी तिचे नाव ठेवले डिसा. ज्यांना ‘अनाडी’ आठवत होता, त्यांना एवढी खूण पुरेशी होती.

पण हे अपवाद. नियम कसा होता, ते वयाच्या हिशेबावरून दिसते. ‘दाग’ (१९५२) आला तेव्हा ललिताबाई छत्तीस वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा दिलीपकुमार तिशीच्या उंबरठ्यावर. ‘हम दोनो’मध्ये (१९६१) ज्याची त्या आई झाल्या, तो देव आनंद त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. नायक पन्नाशीतही कॉलेजकुमार राहिले. त्यांच्या आया मात्र तिशीतच पांढरी पातळे नेसून बसल्या. बहुतेक नट्यांनी ही पातळे नाइलाजाने नेसली. ललिताबाईंनी ती नेसून नायकाच्या बरोबरीने पडदा व्यापला, आणि ‘सौ दिन सास के’ (१९८०) निघाला तेव्हा चौसष्टाव्या वर्षीही कथेची सारी गती त्यांच्या जिभेवर अवलंबून होती. चित्रपटाचे नावच सासूच्या नावाने असावे, ही या साच्याची हद्दच म्हणायची.

मंथरेचे काम त्यांनी बाबूभाई मिस्त्रींच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये १९६१ साली केलेच होते. १९८७ मध्ये रामानंद सागरांची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा मंथरेसाठी पुन्हा त्यांचीच निवड झाली. त्या वेळी त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि ज्या घरी संच असे त्या घरी शेजारपाजार जमे. त्या गर्दीतल्या मुलांनी ‘अनाडी’ पाहिलेला नव्हता, ‘श्री ४२०’ पाहिलेला नव्हता, टॉलस्टॉयच्या कादंबरीवर चित्रपट काढणारी बावीस वर्षांची अंबू तर त्यांच्या आजोबांच्याही विस्मरणात गेली होती. कुबड काढून, काठी टेकीत एक म्हातारी कैकेयीच्या महालाकडे निघाली, तिने डावा डोळा बारीक केला, आणि एकही शब्द उच्चारण्यापूर्वी त्या मुलांनी तिला ओळखले.